मोठं बोल

प, ब, म. तिन्हीला ओठ मिटतात. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही एकच.

सेलूहून वर्ध्याची साडेदहाची एसटी. तिसऱ्या खिडकीची काच सरकत नाही.

दाढी ठेवणारे हिरो.

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनला जिन म्हणतात. एका हॉलमध्ये चोवीस जिन.

खुर्ची नंबर सात. खुर्ची नंबर आठ.

एक छोटा डबा, आत स्पंज, स्पंजात खाच, खाचेत कानाची मशीन. शिबिरात मिळालेली. दोनदा घातलेली.

*

जयवंता एकोणसाठ वर्षांची. जिजाबाई तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये दोघींनी सव्वीस हंगाम समोरासमोरच्या मशीनवर कापूस टाकला. तिथल्या खडखडाटात ओरडून उपयोग नसे. बायका आवाज न काढता बोलत, तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर ओठांवर ठेवून. ओठांनी भागलं नाही की हात. बाबा म्हणजे मिशीला पीळ. मामा म्हणजे हनुवटीला चिमटा. हे ठरवावं लागलं, कारण एकदा एका बाईला कुणीतरी बाबा गेले म्हणून सांगितलं आणि ती मामा गावाला गेला असं समजून संध्याकाळपर्यंत कापूस टाकत राहिली.

कान कधी गेले ते दोघींना सांगता येत नाही. हंगाम संपल्यावर घरातली माणसं हळू बोलायला लागलीत असं वाटे. मग ती तशीच बोलत राहिली.

चार वर्षांपूर्वी जिनांना आपोआप कापूस टाकणारा पट्टा बसला. बायका घरी आल्या.

तेव्हापासून दर रविवारी वर्धा, टॉकीज, बाराचा शो. पिक्चर कोणताही. चपला काढून पाय फरशीवर ठेवायचे. मारामारी तळव्यांना कळते. पडद्यावर चेहरा मोठा आला की वाचायचा. हिरोने पाठ फिरवली की ते वाक्य गेलं. दाढीत अर्धं वाक्य जातं. दक्षिणेतले पिक्चर हिंदी करून लागतात. सगळ्या टॉकीजला हिंदी ऐकू येतं, पण ओठ हिंदी बोलत नसतात, आणि ते फक्त या दोघींना दिसतं. मग त्या आपलं आपण ठरवत. हिरोचं जिजाबाई बोलायची, व्हिलनचं जयवंता. पडद्यावर ऊन असलं की त्या उजेडात एकमेकींकडे तोंड करायचं.

"हे पोट्टी त्याले हो म्हणन का वो?"

"नाई तं काय करन? दुसरा हाय कोण तिथं?"

"तो बुवा हाय ना."

"त्याले दात नाईत."

पडद्यावर रात्र झाली की

थांबायचं.

इतक्या रविवारांत त्यांना कुणी चूप बसा म्हटलं नाही. आवाजच नव्हता.

*

मार्चमध्ये जिजाबाईने मशीन घातली. शिबिरात दोघींना एकाच दिवशी मिळाली होती. जिजाबाईची नात काजल रोज तिच्यापाशी बसली, काढू दिली नाही. महिन्याभरात जमली.

जयवंताला रविवार हवा होता. घरी मुलगा, सून, नातू बोलत तिच्याशी, म्हणजे जेव, झोप, गोळी घे, असं हाताने दाखवत. तिच्याशी पूर्ण वाक्य बोलणारी एकच बाई उरली होती आणि ती आठ नंबरवर बसायची.

*

एप्रिलचा पहिला रविवार. पडद्यावर विहीर, ऊन, धोतर नेसलेला म्हातारा, रडणारी मुलगी. जयवंताने तोंड वळवलं.

"मामा हाय तिचा," ती नेहमीसारखं, आवाजाशिवाय म्हणाली.

जिजाबाई पडद्याकडे बघत होती. बघता बघताच काहीतरी म्हणाली.

ओठ मिटले, उघडले. मिटले, उघडले. नाई. ओठ मिटले, उघडले. मिटले, उघडले.

जयवंता हातांची वाट बघत राहिली. मिशी की हनुवटी. हात मांडीवरच्या पिशवीवर होते.

"कोण?"

ओठ मिटले, उघडले. मिटले, उघडले.

पुढच्या रांगेतला माणूस मागे वळला आणि त्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. जयवंताला आधी वाटलं, हाही आपल्यासारखाच हाताने बोलतो. मग कळलं. जिजाबाई आवाज काढून बोलली होती.

पडद्यावर रात्र

*

इंटरवल. पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी गर्दी. जिजाबाई बोलत होती, जयवंताला काही कळत नव्हतं.

"मोठं बोल," जयवंता म्हणाली. तोंड मोठं उघड, असं तिला म्हणायचं होतं. जिनिंगमध्ये त्याला तेच म्हणत.

जिजाबाई मोठ्याने बोलली. रांगेतली दोन माणसं वळली. ओठ तेवढेच राहिले.

"मोठं बोल ना वो."

जिजाबाईने आणखी आवाज चढवला असावा, कारण तिच्या मानेच्या शिरा वर आल्या आणि काउंटरवाल्याने पॉपकॉर्न भरणं थांबवलं.

जिजाबाईचं तोंड लहान झालं होतं. स्वतःचा आवाज ऐकू येणारी माणसं लहान तोंडाने बोलतात. ती महिन्याभरात त्यांच्यासारखी झाली होती.

मग तिच्याही लक्षात आलं. तिने जयवंताला दंडाला धरून दाराच्या उजेडात नेलं आणि जिनिंगमध्ये नव्या पोरीशी बोलावं तसं, तोंड उघडून, सावकाश बोलायला लागली.

"तुई मशीन कुठं हाय?"

"डब्यात."

"काऊन?"

"वाजते."

"माई बी वाजे. मंग डोकं सरावते."

"तुले समदं समजते आता?"

"समदं. अवं, मांगचा तो पिक्चर काजलनं मोबाइलवर लावून देला. तो मेलाच नोता!"

"आपण तं त्याची तेरवी केली."

"आन् तिचा नवरा बी नोता. भाऊ होता."

त्या दोघांचं लग्न जयवंतानेच लावलं होतं.

"पुढच्या ऐतवारी मशीन घालून येजो," जिजाबाई म्हणाली. "मले आता असं दोन्हीकडं पाह्याले नाई जमत. मान दुखते, आन् तिकडलं निघून जाते. नाई तं मी काजलसंगच येत जातो."

"हाव."

*

पुढच्या रविवारी बसमध्ये जयवंताने मशीन घातली नाही. टॉकीजमधले दिवे गेल्यावर घातली.

चुरचुरणारं वेफर्सचं पाकीट. पंखे. हिरो. कुणाचा तरी खोकला. पाकीट. घोडे. खुर्ची. हिरो. पाकीट. सगळं सारखंच जवळ. काही मागे राहत नव्हतं, काही पुढे येत नव्हतं.

मग डाव्या बाजूने एक आवाज आला. तो जिजाबाईचा होता. आवाज आहे एवढं कळलं. त्यात एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो ते कळलं नाही.

तिने बघितलं. लहान तोंड हलत होतं.

"हाव," जयवंता म्हणाली.

जिजाबाईने तिच्या मांडीवर थाप मारली आणि पुन्हा काहीतरी म्हणाली. आलं का ऐकू, असं असावं.

"हाव."

नंतर जिजाबाई दर थोड्या वेळाने तिच्याकडे वाकून बोलत राहिली, डोळे पडद्यावर ठेवून. जयवंता दर वेळी हाव म्हणाली. एकदा बदल म्हणून नाई म्हणाली. जिजाबाईने वळून तिच्याकडे बघितलं, जास्त वेळ बघितलं, तेव्हा ती लगेच हाव म्हणाली.

टॉकीज हसलं. जिजाबाई हसली. जयवंता हसली, जरा उशिरा. मग तिने जिजाबाईच्या खांद्यांवर लक्ष ठेवलं. खांदे हलले की हसायचं. उशीर कमी झाला.

इंटरवलनंतर तिने मशीनचं बटण बंद केलं. मशीन कानातच राहू दिली.

पडद्यावर ऊन आलं. शेतातलं, लांबलचक ऊन, खूप वेळ टिकलेलं. त्या उजेडात आठ नंबरची बाई एका बाजूने दिसत होती. गाल, कान, कानामागे मशीन. जयवंताने तोंड तिच्याकडे केलं, उघडलं, आणि काही न म्हणता मिटलं. तळव्यांना घोडे कळत होते.

खांदे हलले. ती हसली.

बाहेर आल्यावर जिजाबाईने विचारलं, कसा वाटला. हे तिने तोंड मोठं करून विचारलं, गंमत म्हणून.

"चांगला होता," जयवंता म्हणाली. "पुढच्या ऐतवारी कोणता हाय?"

जयवंताने जिजाबाईचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो जिनिंगमध्ये लागल्यावर अकराव्या दिवशी, दुपारी लाइट जाऊन सगळ्या मशीन बंद पडल्या तेव्हा. पाणी हाय का वो, असं तिने विचारलं होतं.