न धुतलेला तुकडा

कीथने दिलेला कोरलचा तुकडा मी धुतला नाही, इथूनच सगळं सुरू झालं. आमच्या टाउन्सव्हिलच्या, घरी समुद्री मासे आणि जिवंत प्रवाळ पाळणाऱ्यांच्या क्लबात रीत अशी आहे, की अनोळखी माणसाकडचं कोरल आलं तर ते आधी ब्रशने घासायचं, औषधाच्या पाण्यात बुडवायचं, दीड महिना वेगळ्या बादलीत ठेवायचं आणि मगच टँकमध्ये सोडायचं. पण मित्राने दिलेला तुकडा मात्र त्याच्यादेखत सरळ टँकमध्ये ठेवायचा. तो धुवायला घेतला, तर तुझ्या घरचं पाणी घाण आहे असं तोंडावर म्हटल्यासारखं होतं. कीथ आणि आमची अठरा वर्षांची ओळख. माझा नवरा नॉर्म गेला तेव्हा शवपेटी उचलायला तो सगळ्यात पुढे होता. त्याचं कोरल मी कशाला धुवायला जाते?

फेब्रुवारीत माझ्या सदुसष्टाव्या वाढदिवसाला त्याने तो तुकडा आणला. तीन आठवड्यांनी त्याच्या बुडाशी हिरवं पीस दिसलं. बारीक, गडद, दिसायला गोड. एप्रिलपर्यंत त्या शेवाळाने सगळे दगड झाकून टाकले. उपटलं की मूळ मागे राहायचं आणि सुटलेला कण दुसरीकडे जाऊन उगवायचा. गोगलगायी आणल्या, त्या त्याला तोंड लावेनात. दिवे कमी केले, पाणी बदलून बदलून कंबर धरली. काही फरक नाही.

माझा जीव अडकला होता तो नॉर्मच्या हातोडीत. टँकच्या मधोमध असलेलं हे कोरल, एकेका बोंडाच्या टोकाला छोट्या हातोडीसारखा आकार, म्हणून नाव हातोडी. एकोणीस वर्षांपूर्वी नॉर्मने ते आणलं तेव्हा अंगठ्याएवढं होतं. मरेपर्यंत त्याने ते जेवणाच्या ताटाएवढं केलं. रोज सकाळी चहाचा मग घेऊन तो त्याच्यासमोर बसायचा आणि माझ्याशी नाही इतका त्याच्याशी बोलायचा. तो गेल्यावर त्या खुर्चीत मी बसायला लागले. आता शेवाळ हातोडीच्या बुंध्यावरून वर चढत होतं, आणि त्याखाली एकेक बोंड मिटत चाललं होतं.

कीथ दर रविवारी यायचा. हातात लाल टूथब्रश आणि लोणी लावलेले स्कोन, घरी भाजलेले गोडसर पाव. दोन दोन तास बाह्या वर करून माझ्याबरोबर दगड घासायचा.

"तुझा हातच सैल आहे, रेलीन," तो म्हणायचा. "माशांना खायला घालतेस की पंगत वाढतेस?"

"चिमूटभर तर टाकते रे."

"तुझी चिमूट मला माहितीये. नॉर्म असता तर हे झालंच नसतं."

हे शेवटचं वाक्य तो चेष्टेने म्हणाला, पण मला ते लागलं. रात्र रात्र मी विचार करायचे, माझ्याच हातून नॉर्मची हातोडी मरतेय. मी माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. दोन मासे खंगून मेले. तेही मी माझ्याच पापात धरलं.

जुलैत कीथ आठवडाभर मुलीकडे मॅकायला गेला. अशा वेळी एकमेकांचा टँक सांभाळायचा हे आमच्यात ठरलेलंच असतं. त्याने किल्ली दिली. "पंपाचं, खाण्याचं सगळं वहीत आहे," म्हणाला.

टँकची वही आम्ही सगळेच ठेवतो. पाणी किती गरम, किती खारं, काय घातलं, काय मेलं. नव्या सभासदांना कीथच दटावून सांगायचा, "बायकोशी खोटं बोला, वहीशी नको."

खाण्याचं पान शोधताना मी फेब्रुवारीवर गेले. अक्षर त्याचं, सरळ, स्वच्छ.

'११ फेब्रु. पिसासारखं शेवाळ. मागच्या दगडावर, आणि रेलीनसाठी काढलेल्या तुकड्यावरही. घासून देईन. तिला द्यायचं कबूल केलंय.'

'१४ फेब्रु. रेलीनला दिला.'

'२० फेब्रु. शेवाळ वाढलं. बुरशीवरचं औषध घातलं.'

'१२ मार्च. सगळं साफ.'

मी ते पान तीनदा वाचलं. मार्चमध्ये सगळं साफ. म्हणजे एप्रिल, मे, जून, दर रविवारी माझ्या टँकमध्ये कोपरापर्यंत हात घालून हा माणूस घासत होता, आणि उपाय त्याला ठाऊक होता. वर मला माझी चिमूट दाखवत होता. खुर्ची ओढली आणि त्याच्या त्या लख्ख टँकसमोर बसून मी हमसून हमसून रडले.

मग उठले, त्याच्या माशांना खायला घातलं, मोजून, तसंच आठवडाभर रोज, आणि तो यायच्या दिवशी किल्ली त्याच्या पत्रपेटीत टाकली. वही वाचली त्याच दिवशी तेच औषध आणून माझ्या टँकमध्ये घातलं होतं. तीन आठवडे कीथचा फोन उचलला नाही. रविवारी तो आला की दार उघडलं नाही. तीन आठवड्यांनी शेवाळ पांढरं पडून गळून गेलं. तोवर नॉर्मच्या हातोडीचं शेवटचं बोंडही गेलं होतं. खाली नुसता सांगाडा.

एका दुपारी बादली, औषधाची बाटली आणि माझ्याकडे राहिलेला त्याचा तो लाल टूथब्रश घेऊन मी त्याच्या दारात उभी राहिले.

"वही वाचलीस," तो म्हणाला.

"वाचली. वहीशी मात्र इमानदार आहेस तू."

तो खाली बघायला लागला. "मला वाटलं, घासून निघालं असेल. तुझ्याकडे उगवलं तेव्हा औषध सांगणारच होतो. पण तू विचारलं असतंस, तुला कसं ठाऊक म्हणून."

"विचारलंच असतं."

"मग काय सांगणार होतो मी?"

"खरं सांगायचं. मी शिव्या घातल्या असत्या. महिनाभर तोंड बघितलं नसतं तुझं. आणि हातोडी जगली असती." "पाच महिने तू मला माझ्याच नजरेतून उतरवलंस, कीथ."

त्याने बाजूला होऊन मला आत घेतलं.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. आपलं सगळ्यात लाडकं कोरल असतं ना, त्याची एक फांदी मित्राच्या टँकमध्ये लावून ठेवायची. वादळात वीज गेली, आपला टँक मेला, तरी ते कुठेतरी जिवंत राहावं म्हणून. आठ वर्षांपूर्वी नॉर्मने हातोडीची फांदी कीथकडे लावली होती. आता जगात तेवढीच उरली होती.

"नॉर्मची फांदी दे," मी म्हटलं.

त्याने हात ओला करून ती अलगद काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. सहा बोंडं, टपोरी, जिवंत. मी ती घेतली. त्याच्याच सिंकमध्ये बादली ठेवली, औषध ओतलं आणि त्याच्यासमोर लाल ब्रशने तिचं बूड घासायला लागले.

"रेलीन," तो हळूच म्हणाला. "तिला काही नाहीये गं. नॉर्मचीच आहे ती."

"फांदी नॉर्मची आहे," मी म्हटलं. "पाणी तुझं आहे."

मग मी ती औषधात बुडवली. पाच मिनिटं ठेवावी लागते. तो टॉवेल हातात धरून उभा राहिला, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.