नाईरचं स्टूल

मेलेल्या बाईचा कसला मत्सर करतेस, असं मला सगळे विचारायचे. विचारणाऱ्यांनी माझ्या स्वयंपाकघरात यायचं होतं, चुलीच्या वर टांगलेलं ते स्टूल रोज उठून बघायचं होतं आणि मग बोलायचं होतं.

मी दाल्वा, बेलार्मिनोची दुसरी बायको. आमच्या कानास्त्राच्या डोंगरात घरोघरी गाई, घरोघरी चीज आणि धार काढायला एका पायाचं बुटकं लाकडी स्टूल. चामडी पट्ट्यानं ते कंबरेला बांधतात, म्हणजे एका गाईकडून दुसरीकडे जाताना दोन्ही हात मोकळे राहतात. मी माहेरची कॉफीच्या मळ्यांकडची. धार काढायला इथं येऊन शिकले. पण बसायला मला काय मिळालं? पालथी बादली.

घरात स्टूल नव्हतं असं नाही. होतं, बसून बसून मधोमध खोलगट झालेलं, गुळगुळीत. पण ते नाईरचं, म्हणजे पहिलीचं. एकदा मी ते खाली काढायला गेले तर बेलार्मिनो ओरडला, "राहू दे ते! अजून नको."

"मग कधी? मी तिच्या शेजारी जाऊन निजल्यावर?"

तो बादली उचलून गोठ्यात निघून गेला.

त्या दिवसापासून मी नुसती जळत होते. शेजारची कासिल्डा कॉफी प्यायला यायची आणि वर तेल ओतायची. "नाईर बसली रे बसली, की बोनेका पान्हा सोडायची हो!" माझ्या वेळेला बोनेका बादलीला लाथ मारायची. गाईलासुद्धा कळत होतं की या घरात मी उपरी आहे. त्याच्याही आधी, मी नवी नवी असताना, माझा डाव्या पायाचा गमबूट नाहीसा झाला होता. दुसऱ्या दिवशी बेलार्मिनोनं तो निमूट आणून ठेवला. "आता माझे बूटही तिला घालणार आहेस का?" म्हणून मी घर डोक्यावर घेतलं.

अशात ओटोनिएल आला. गावोगाव हिंडून शेतघरांतलं जुनं सामान गोळा करायचं आणि शहरातल्या दिवाणखान्यांना पुरवायचं, हा त्याचा धंदा.

"दाल्वाबाई, जुनी स्टुलं आहेत का हो? हातानं घडवलेली?"

"आहे ना. घेऊन जा एकदाचं!"

मी बाकावर चढले, पट्टा सोडला आणि स्टूल त्याच्या हातात दिलं. बेलार्मिनो गोठ्यातून पळत आला, पण दारातच थबकला. ओटोनिएलनं स्टूल उलटं केलं आणि पायावर नख ओढलं. काजळीखाली पांढरं लाकूड दिसलं.

"छे हो. बैठक शंभर वर्षांची असेल, पण पाय नवा आहे. पुरता वाळलेलाही नाही. हे मला नको."

तो कॉफी पिऊन निघून गेला. मी बेलार्मिनोकडे वळले. "पाय कुणी बदलला?"

"मी." त्याचे कान लाल झाले होते. "बैठक माझ्या आजीची. मग आईची, मग नाईरची. या घरात आलेल्या बाईला तिच्या नडगीच्या मापाचा पाय करून द्यायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. तू उंच आहेस. माप हवं होतं, म्हणून बूट नेला. ओल्या लाकडावर बसलं तर ते चिरतं, म्हणून धुरात टांगलं."

"हे तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं."

"मी कॉफीवाल्यांची पोर आहे रे, गाढवा!"

रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. मग मनात आलं ते विचारूनच टाकलं. "आणि तिचा पाय कुठंय?"

"तिच्याबरोबर शवपेटीत ठेवला. तीही रीतच."

ऐकलं आणि पुन्हा जळले. जातानाही काहीतरी घेऊनच गेली बया.

"माझा पाय तिच्यापेक्षा लांब आहे?"

"चार बोटं."

तेवढ्यानं जरा बरं वाटलं.

बेलार्मिनोनं परवानगी दिली तेव्हा पावसाळा सरला होता. पहाटे मी पट्टा कंबरेला आवळला आणि बोनेकाच्या कासेशी बसले. उंची अगदी बरोबर जमली, गुडघे कुठं अडेनात. पण बैठकीतला खळगा दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगाचा होता. मला तो एका बाजूला रुतत होता. बोनेकानं मान वळवून पाहिलं आणि मागचा पाय उचलला.

"सरक गं नाईर," मी म्हटलं. "जरा जागा दे."

बोनेकानं पाय खाली ठेवला. बादलीत धार वाजली.

गोठ्याच्या दारातून बेलार्मिनोनं विचारलं, "कुणाशी बोलतेस?"

"आम्हा बायकांचं चाललंय," मी म्हटलं. "तू जा."