सात नंबरची बाटली

डॉक्टरांनी सात नंबरचा कागद पुढं ओढला आणि चष्म्यावरून पुंजाजीकडं पाहिलं.

"किती वर्षं फवारणी करतोस?"

"चार हंगाम झाले, साहेब."

"शरीरातल्या पेशी आतून बिघडल्या की त्याची खूण लघवीत उतरते. साऱ्या गावात तुझ्या बाटलीत ती सर्वांत जास्त निघाली. आजपासून फवारणी बंद."

आसेगावच्या शाळेच्या ओट्यावर बसलेले फवारणीवाले पुंजाजीकडं वळून पाहू लागले. अहो, ती बाटली त्याची नव्हतीच! मागच्या महिन्यात हे नागपूरचे डॉक्टर बाटल्या वाटून गेले, तेव्हा मालक गुलाबरावानं सगळ्यांना दम भरला होता, की ज्याची बाटली खराब निघेल त्याला पंप मिळणार नाही. पंप गेला की चुलीचे वांधे. घाबरलेल्या पुंजाजीला बायकोनंच, भागिरथानंच वाट दाखवली होती.

"माहीच भरून ने. म्या कधी पंपाले हात लावला?"

मोठी हुशारीच केली म्हणायची! पंपाला तिनं हात लावला नव्हता, खरं आहे. पण बादलीतलं औषध कोपरापर्यंत हात घालून ढवळायची तीच, अन् त्याचे भिजलेले कपडे धुवायचीही तीच. दोनदा तिचा गर्भ पडला. सासूनं तिलाच बोल लावला आणि पुंजाजी खुशाल ऐकत बसला. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"साहेब, बाटली माही नव्हती. बायकोची होती."

लखमा फिसकन हसला. त्याच्यामागून सारा ओटा हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं आणि सात नंबरवर आडवी रेघ मारली.

"हा नमुना बाद. उद्या तुझी बाटली आण."

"अन् तिचं काय, साहेब?"

"आमचा अभ्यास फवारणाऱ्यांचा आहे. बाया यादीत नाहीत."

"पण निघालं तं तिच्यातच ना थे?"

डॉक्टरांनी पुढचा कागद घेतला.

"आठ नंबर, लखमा. तुझंही काही बरं दिसत नाही."

लखमा उठला. टोपी काढून त्यानं हातात धरली.

"साहेब," तो म्हणाला, "थेबी घरवालीचीच हाय."