सॅमवेजांच्या घरचं गाणं

थर्झा लोडरने एकेचाळीस वर्षं जॉर्ज पाइकला शिळा पाव विकला. तो रोज सकाळी नऊला दुकानात यायचा, टोपी काढायचा, आणि थर्झा मागच्या फळीवरचा कालचा पाव त्याच्यासमोर ठेवायची. समोर ताजे पाव वाफाळत असले तरी. तो "उपकार, बाई" म्हणून पाव काखेत मारायचा आणि गिरणीवर कामाला जायचा. गावात कुणी याबद्दल चकार शब्द काढत नसे. दोन वर्षांपूर्वी, अंथरुणाला खिळलेल्या तिच्या नवऱ्याने मात्र काढला. "आता तरी त्याला ताजा देत जा," जोब म्हणाला, आणि थर्झाने रश्शाचा भरलेला चमचा परत वाडग्यात घातला. एकोणचाळीस वर्षं संसार केला, पण आपल्याला सगळं ठाऊक आहे असं जोबने कधी दाखवलं नव्हतं. जोबला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने जॉर्जला शिळाच पाव दिला. हट्टीपणा तिच्या माहेरचा, आईकडून आलेला.

शिळ्या पावाचं कारण म्हणजे, जॉर्ज पाइक नावाचा माणूस मुळी नव्हताच. साल्टकमच्या किनाऱ्यावर पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की हा रूबेन सॅमवेज. थर्झा वीस वर्षांची असताना तो जहाजावर गेला. जाण्याआधी दोघांनी लोहाराकडून पडद्याची एक पितळी कडी मधोमध कापून घेतली, अर्धी त्याच्याकडे, अर्धी हिच्याकडे. सोन्याची अंगठी परवडत नव्हती, आणि कडी गायब झालेली बघून तिच्या आईने काय केलं ते विचारू नका. मग सात वर्षं गेली. पत्र नाही, निरोप नाही. थर्झाने दोन स्थळं नाकारली, तिसरं जोब लोडरचं, ते लोंबकळत ठेवलं.

आणि एका सकाळी विहिरीवर एक दाढीवाला खलाशी आला. आवाज घोगरा करून म्हणाला, "पोरी, मी जॉर्ज पाइक. तुझा रूबेन तिकडे लांब वाल्परायसोच्या बंदरात तापाने गेला. माझ्या मांडीवर गेला."

दाढी होती खरी, पण दाढीच्या वर कान होता. लहानपणी शेजारच्या कुत्र्याने ज्याचा लचका तोडला होता तो डावा कान. तो कान थर्झाने पुढे निदान शंभर वेळा तरी हातात धरला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पहिल्या शब्दाला तिने त्याला ओळखलं, आणि दुसऱ्या शब्दाला तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

या किनाऱ्यावरच्या खलाशांना ही खोडच होती. दर दुसऱ्या गाण्यात तेच: खलाशी वेष पालटून परत येतो, तुझा साजण मेला म्हणतो, पोरगी धाडकन बेशुद्ध पडते, मग हा हसत हसत खिशातून खूण काढतो. पोरगी निष्ठेच्या परीक्षेत पास. सात वर्षं हा कुठे होता, याची परीक्षा कुठल्याच गाण्यात कुणी घेत नाही. सात वर्षं एक निरोप धाडला नाही आणि आता मास्तर होऊन आलाय, थर्झाच्या मनात आलं.

"मेला का? अरेरे," ती म्हणाली. "पाणी पिणार?"

तो पाणी प्यायला. तिने घडा उचलला आणि घरी निघून गेली. रविवारपर्यंत झुरू दे, मग येईल नाक मुठीत धरून, असा तिचा हिशेब होता.

तो आला नाही. गिरणीवर जॉर्ज पाइक नावाने पोती उचलायला लागला. तेव्हा थर्झाने दुसरा डाव टाकला आणि जोबला होकार दिला. लग्न करायचा तिचा बेत नव्हता, बेत होता समोरच्याचं तोंड उघडवायचा. कारण लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पाद्री दोघांची नावं वाचतो आणि विचारतो, कुणाची काही हरकत आहे का? पहिल्या रविवारी तो मागच्या बाकावर होता. गप्प. दुसऱ्या रविवारीही तसाच. तिसऱ्या रविवारी पाद्र्याने विचारल्यावर थर्झाला खोकल्याची उबळ आली आणि ती चांगली दोन मिनिटं टिकली. अख्खं चर्च मागे वळून बघत होतं. तो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. मग काय, जोबला शब्द दिलेला होता.

जोब वाईट नव्हता. पावाखेरीज त्याला विषय नव्हता, एवढंच. तीन मुलं झाली, मोठी झाली, लांब गेली. पण एक प्रश्न थर्झाच्या उरात काट्यासारखा राहून गेला: तो उठला का नाही? रागाने? दुसरी कुणी होती म्हणून? का तिला खरंच कवडीमोल समजला? चूल पेटवताना, पीठ मळताना, बाळंतपणाच्या कळा सोसतानासुद्धा तिने हे विचारलं होतं, पण ज्याला विचारायचं त्याला कधी विचारलं नाही. आधी त्याने बोलावं.

गावाने तर हद्दच केली. तो स्वतःच मेलो म्हणतोय, तर आपण नाही म्हणणारे कोण, असा विचार करून समुद्रात गेलेल्यांच्या दगडी पाटीवर, चर्चच्या भिंतीत, 'रूबेन सॅमवेज, वाल्परायसो' असं कोरून टाकलं. हा बाबा दर रविवारी त्या पाटीसमोर बसून स्वतःच्या आत्म्याला शांती मागायचा.

फक्त एका गोष्टीत गाव फसल्याचं नाटक करू शकलं नाही. साल्टकममध्ये प्रत्येक गाण्याला मालक असतो. अमुक गाणं लेगांचं, तमुक हॅन्सफर्डांचं. बापाकडून मुलाकडे जातं, आणि मालक जिवंत असेतो दुसऱ्या कुणी ते ओठावर आणायचं नाही. 'निळा नांगर' नावाच्या तिथल्या पबमध्ये दुसऱ्याचं गाणं म्हटल्यावरून माणसांचे दात पडले आहेत. आणि पहिल्याच शनिवारी जॉर्ज पाइकने सरळ सॅमवेजांच्या घरचं गाणं सुरू केलं, तेच ते वेषांतराचं. रूबेन मेला म्हणजे ते गाणं सगळ्यांचं व्हायला हवं होतं, पण जॉर्जखेरीज एकाही माणसाने ते कधी ओठावर आणलं नाही, यातच सगळं आलं.

जोबची बेकरी पबच्या समोरच. त्यामुळे थर्झाने ते गाणं एकेचाळीस वर्षं खिडकीतून ऐकलं. तो शेवटच्या कडव्यापाशी, खलाशी खिशात हात घालतो तिथे, दर वेळी थांबायचा, घसा खाकरायचा आणि पेला तोंडाला लावायचा. लोक टेबलं बडवून "पुढचं ठाऊक आहे!" म्हणून ओरडायचे. हे मला टोचण्यासाठी, असं थर्झाने ठरवून टाकलं होतं. त्यामुळे पाव आणखी शिळा निघायचा.

जोबला जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा, सुगीच्या आधी, फेनविकसाहेब सायकलवरून आले. खेड्यापाड्यांतली जुनी गाणी वहीत उतरवून घ्यायचं त्यांना वेड होतं. म्हातारे मरतायत आणि त्यांच्याबरोबर गाणीही मरतायत, असं ते जिवंत म्हाताऱ्यांना तोंडावर सांगायचे. शनिवारी भर दुपारी त्यांनी पबमध्ये ठाण मांडलं. थर्झा पावांची टोपली घेऊन मागच्या दाराने आली तेव्हा जॉर्जचं गाणं चाललं होतं. टोपली ठेवून ती एरवी लगेच निघायची. आज ती उगीच पाव मोजत राहिली.

जॉर्ज बहात्तर वर्षांचा झाला होता. आवाज फाटला होता, पण सूर जागेवर.

*विहिरीवरल्या पोरी, तुझा साजण गेला ग,*
*सात समुद्रांपल्याड त्याचा दिवा विझला ग...*

नेहमीच्या जागी तो थांबला. खाकरला. पेला उचलला. लोकांनी टेबलं बडवली.

"थांबा, थांबा," फेनविकसाहेब म्हणाले. "खिशात हात घातला. पुढे?"

"पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, साहेब," पबचा मालक एमस लेग म्हणाला.

"उत्तम. मग तुम्ही सांगा."

"मी?" एमसने कानाला हात लावला. "गाणं जॉर्जकाकांचं. ते बसलेत ना जिवंत!"

"मग पाइक, तुम्ही म्हणा."

"मी तेवढंच म्हणतो," जॉर्ज म्हणाला.

"पण शेवटचं कडवं कधी म्हटलंच असेल ना?"

"नाही." तो पेल्यात बघत होता. "कधीच नाही."

"म्हणजे मला 'अपूर्ण' असं लिहावं लागेल," साहेब हळहळले आणि त्यांनी पेन्सिल ओली केली.

अपूर्ण हा शब्द थर्झाला कुठे लागला, देव जाणे. तिने पाव खाली ठेवला आणि उभ्या उभ्या, अडुसष्टाव्या वर्षी, पबमध्ये आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं:

*खिशातुनी काढी, बाई, कडी त्याची अर्धी ग,*
*माझ्या अर्धीशी जुळली, झाली कडी पुरी ग...*

एमसच्या हातातला फडका गळून पडला.

"थर्झाकाकू! अहो, जिवंत माणसाचं गाणं!"

"जिवंत?" थर्झा कडाडली. "चर्चच्या भिंतीवर याचं नाव कोरलंय. मेलेल्या माणसाचं गाणं कुणीही म्हणावं!"

गाण्यांच्या कायद्याने तिचं बरोबर होतं. तिने गळ्यातला दोरा ओढून काढला. दोऱ्याला अर्धी पितळी कडी होती, घासून घासून पातळ झालेली. ती तिने जॉर्जच्या पेल्याशेजारी आपटली.

"काढ तुझी."

त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"काढ म्हणते ना! एकेचाळीस वर्षं बघतेय वाट. विहिरीवर काढली नाहीस, चर्चमध्ये उठला नाहीस. तीन रविवार, रूबेन! खोकून खोकून माझ्या छातीत दुखलं. उठला का नाहीस?"

त्या नावाने त्याला कुणी एकेचाळीस वर्षांत हाक मारली नव्हती. म्हाताऱ्याने पेला बाजूला सारला.

"नाही माझ्याकडे," तो म्हणाला.

"काय नाही?"

"कडी. वाल्परायसोला तापात पडलो होतो, कुणीतरी खिसे साफ केले. कडी गेली. दोन वर्षं त्या बंदरात शोधत फिरलो. कुठल्या तोंडाने येणार होतो?"

"अरे, मग विहिरीवर मला छळलंस कशाला? परीक्षा कशाला घेतलीस?"

"परीक्षा?" त्याने आश्चर्याने मान वर केली. "कसली परीक्षा? मी घाबरलो होतो. खूण नसली की पोरगी ओळख देत नाही, सगळ्या गाण्यांत तसंच आहे. म्हटलं, रूबेन मेला असं सांगावं, तू रडलीस की मग हळूहळू खरं सांगावं. तर तू पाणी विचारलंस."

कुणीतरी खुदकन हसलं. एमसने त्याच्या पायावर पाय दिला.

"आणि चर्चमध्ये?"

"पाद्री नवा होता. कशावरून तू रूबेन, म्हणाला असता तर? काय दाखवलं असतं मी?"

"कान!" थर्झा इतक्या जोरात ओरडली की साहेबांची पेन्सिल मोडली. "अरे गाढवा, कान! तुझा कान होता ना डोक्यावर!"

रूबेनचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. त्याने तो तुटका कान चाचपला, पहिल्यांदाच सापडल्यासारखा. मग अगदी खऱ्या गोंधळाने त्याने विचारलं, "कानाचं कुठल्या गाण्यात आहे?"

थर्झा बाकावर बसली. एवढी वर्षं तिने ज्या माणसावर राग धरला होता, तो उद्धट, बेफिकीर, परीक्षा घेणारा माणूस कधी नव्हताच. त्याच्या जागी हा एक भित्रा बावळट बसला होता, आणि त्याला तिने सुमारे तेरा हजार शिळे पाव खाऊ घातले होते. तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं, आणि त्यात लाज वाटली ती जोबची. त्या बिचाऱ्याला दोघांच्या अकलेची किंमत बरोबर ठाऊक होती.

"तू तरी एक शब्द बोलायचा होतास," रूबेन हळूच म्हणाला.

"आधी तू बोलायचं होतंस," ती म्हणाली. पण त्यात आता जोर नव्हता. तिने टोपलीतला वरचा पाव काढला, हाताला चटका बसेल असा गरम, आणि त्याच्यासमोर ढकलला. त्याने तुकडा मोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चघळत राहिला.

"मऊ आहे," तो म्हणाला.

फेनविकसाहेबांना यातलं काहीच धड कळलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या पेन्सिलीने कडवं उतरवलं. "बाई, तुमचं ते कानाचं गाण्यात येतं का? पाठभेद म्हणून लिहू?"

"नको," थर्झा डोळे पुसत म्हणाली. "कडीचाच शेवट लिहा. लोकांना तोच आवडतो."

"बरं. गायक: जॉर्ज पाइक, वय बहात्तर..."

"नाव चुकलंय. रूबेन सॅमवेज लिहा."

"सॅमवेज? कसं लिहायचं?"

सगळे रूबेनकडे बघायला लागले, कारण त्याला लिहिता-वाचता येत नाही हे अख्ख्या गावाला माहीत होतं. रूबेनने घास गिळला, समोरच्या कोऱ्या भिंतीवर नजर लावली, आणि आपलं नाव एक एक अक्षर करत, न अडखळता सांगितलं. दर रविवारी चर्चच्या पाटीवर समोर असायचं ना ते. एवढंच त्याला वाचता येत होतं.