नोटिशीच्या तळाची ओळ

"ताई, सही तर तुमचीच हाय," असं म्हणून गोदाबाई दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर गुडघा धरून बसली.

मी तिला एवढंच विचारलं होतं, की लिफ्ट सुरू असताना जिना कशाला चढतेस. गोदाबाई आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पाच घरी धुणंभांडी करते, त्यातली तीन घरं चौथ्या मजल्यावर. घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही, हा जुना नियम सर्वसाधारण सभेने गेल्याच महिन्यात रद्द केला होता. नवी सचिव म्हणून ठराव मीच मांडला होता आणि अध्यक्ष दिगंबर पटवर्धनांसकट सगळ्यांनी हात वर केले होते.

खाली जाऊन बोर्ड पाहिला. टाकी धुण्याची नोटीस, सोसायटीचा गोल शिक्का, त्याखाली माझी सही: ललिता ओव्हाळ, सचिव. आणि सहीच्याही खाली, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'घरकामाच्या बायकांनी जिन्याचाच वापर करावा.' शेजारच्या पार्किंगच्या नोटिशीखालीही तेच. वॉचमन वैजनाथ म्हणाला, "मॅडम, शिक्क्यानिशी जे लागतं ते मी पाळतो. सभेतलं मला कोण सांगणार?" त्याचं काही चुकलं नव्हतं.

एकतीस वर्षं मी सरकारी कचेरीत साहेबांपुढे सहीचे कागद ठेवले. न वाचता सह्या ठोकणाऱ्यांना मनात काय काय शिव्या घातल्या, ते इथे लिहीत नाही. आता त्या सगळ्या मलाच लागू होत्या. छप्पन साली आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली, ती काय नातीने सही करून कोणाला जिन्याने पाठवावं म्हणून? मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो.

सोसायटीच्या ऑफिसात पटवर्धन पेपर वाचत बसले होते.

"ती ओळ होय? ती आपोआप येते," ते म्हणाले. "नवी फाइल उघडली की नाव, पत्ता आणि ती टीप. वर्डमध्ये तसंच सेट होऊन आलंय. काढता येत नाही. राहू द्या, वाचतंय कोण?"

"वैजनाथ वाचतो," म्हटलं, आणि कॉम्प्युटरपुढे बसले.

नवी फाइल उघडली. ओळ हजर. तिच्यावर क्लिक केलं, तर फाइलच्या या भागात बदल करायला मनाई आहे, असा निरोप आला. ही मनाई उठवायची सोय 'रिव्ह्यू' नावाच्या टॅबमध्ये असते, हे मला कचेरीपासून ठाऊक होतं. वरच्या पट्टीत तो टॅबच नव्हता.

"आपल्या कॉपीत तो येत नाही," पटवर्धन पेपरामागून म्हणाले.

मी सेटिंग्ज उघडली. तिथे सगळ्या टॅबची यादी होती आणि प्रत्येकासमोर बरोबरची खूण. फक्त 'रिव्ह्यू'समोरची कोणीतरी काढलेली. मी ती केली. टॅब निमूटपणे जागेवर आला. मनाई उठवायला गेले, तर पासवर्ड मागितला.

"पासवर्ड काय?"

"मला काय माहीत? जुन्या कमिटीचा असेल."

जुन्या कमिटीत अकरा वर्षं अध्यक्ष हेच होते. पण मी वाद घालत बसले नाही. कुलूप फोडायची गरजच नव्हती. इडलीपात्राला जसा खड्डा, तशी इडली. तसा इथला प्रत्येक कोरा कागद एकाच टेम्पलेटच्या फाइलमधून निघतो. वर्ड बंद केलं, ती फाइल शोधली आणि तिची माहिती उघडली. शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. मी मोठ्याने वाचलं, "दिगंबर पटवर्धन."

पेपर खाली आला. "त्या वेळी सगळ्यांचीच तशी इच्छा होती."

"मग आपोआप येते, असं का म्हणालात?"

"हे पाहा ओव्हाळ मॅडम, आपण वातावरण बिघडवू नका. काही कुटुंबांना नाही आवडत त्या बायकांबरोबर लिफ्टमध्ये उभं राहायला."

"त्यांनी घासलेल्या ताटात जेवायला आवडतं ना? मग झालं."

मी त्या टेम्पलेटचं नाव बदलून टाकलं आणि वर्ड पुन्हा सुरू केलं. नेहमीची फाइल सापडली नाही, की ते स्वतःच नवी, कोरी करून घेतं. पान उघडलं. तळापर्यंत पांढरं. मी मोठ्या ठळक अक्षरांत टाइप केलं: 'सभेच्या ठरावानुसार लिफ्ट सर्वांसाठी आहे. घरकाम करणाऱ्यांसाठीही.' प्रिंट काढली, दोनदा वाचली, मग सही केली. शिक्का पटवर्धनांच्या ड्रॉवरमध्ये असतो. मी हात पुढे केला.

"विचार करावा लागेल," ते म्हणाले.

"करा. तोवर दुसरी नोटीस टाइप करते, ठराव कोणी अडवला त्याची. खाली जागा भरपूर झालीय आता."

त्यांनी ड्रॉवर उघडला. शिक्का मीच मारला.

बोर्डावरच्या जुन्या नोटिसा फाडून नवी लावली. वैजनाथने ती ओठ हलवत वाचली आणि लिफ्टचं दार स्वतः उघडून धरलं. गोदाबाई आत जाईना.

"नंतर कोण बोललं म्हंजे?"

"माझं नाव सांग. या वेळी वाचून सही केलीय."

ती आत गेली, पदर सावरून कोपऱ्यात उभी राहिली. मीही गेले. तेवढ्यात ऑफिसला कुलूप लावून पटवर्धन आले आणि उघड्या दाराशी थबकले. त्यांचंही घर चौथ्याच मजल्यावर आहे, आणि गोदाबाईच्या पाचांतलं एक तेच.

गोदाबाई कोपऱ्यातून थोडी पुढे सरकली. "या की साहेब. जागा हाय."

पटवर्धनांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि जिन्याकडे वळले.

गोदाबाईने क्षणभर त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग दार ओढून घेतलं आणि चारचं बटण दाबलं.