डाव्या चाकाचा सांधा

"व्हर्लिन, तुझं डावं चाक लोंबतंय," गॉर्डी रेडिओत म्हणाला. "ऐकतोयस ना?"

मी तव्यावर पॅनकेकचं पीठ ओतत होते. ते तसंच टाकून हँगरच्या दाराशी आले. आमच्या गवताच्या धावपट्टीवर दर शनिवारी सगळे विमानवाले नाश्त्याला जमतात आणि नाश्ता मी करते, कारण या पुरुषांच्या हाती तवा दिला तर सगळेच उपाशी राहतील. व्हर्लिन खाऊन सगळ्यांच्या आधी उडाला होता. उडण्यासाठी गवतावरून धावताना त्याचं चाक कुठल्याशा बिळात दणकलं असावं. आता त्याचं पिवळं विमान मक्याच्या शेतांवरून वळत होतं आणि पोटाखाली चाकाचा पाय नुसता हेलकावे खात होता.

"मला इथून दिसत नाही," व्हर्लिनचा आवाज आला. "कुठं तुटलाय?"

गॉर्डीनं दुर्बीण डोळ्याला लावली. "वर. पोटाला जोडलाय तिथला वेल्डिंगचा सांधा गेलाय. घाई करू नकोस. पेट्रोल जाळ, टाकी रिकामी होत आली की उतर. उजव्या चाकावर टेक आणि डावा पंख जमेल तितका वेळ वर धर."

"आणि मग?"

"मग पडेल. पंख जाईल, तू राहशील."

व्हर्लिन वर एकटाच गोल गोल फिरत राहिला. खाली आम्ही माना वर करून उभे होतो, पण त्याचा त्याला काय उपयोग?

ते विमान त्यानं आणि आर्डिसनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, घरच्या गॅरेजमध्ये बांधलं होतं. कित्येक हिवाळे त्यांची मोटार बाहेर बर्फात कुडकुडली आणि हे लाडकं आत उबेला राहिलं. लाकूड, कापड, इंजिन हे व्हर्लिनचं काम. लोखंड सगळं आर्डिसचं. ती आणि गॉर्डी ट्रॅक्टरच्या कारखान्यात शेजारी उभे राहून वेल्डिंग करायचे आणि तिच्यासारखा सरळ सांधा अख्ख्या कारखान्यात कुणाचा नव्हता, हे गॉर्डी स्वतः सांगतो. व्हर्लिननं जन्मात एकदाच वेल्डिंग केलं. टपालपेटीचा खांब जोडला, तो पहिल्याच आठवड्यात टपालवाल्याच्या हातात आला. गाव अजून हसतं.

आर्डिस गेली त्याला दोन हिवाळे झाले. माझी ती जिवलग मैत्रीण होती आणि तिच्याशिवाय मला करमत नाही. व्हर्लिनचं तर विचारूच नका. शनिवारी टेबलाच्या टोकाला बसतो, विचारलं तेवढं बोलतो आणि लवकर उठून उडून जातो. वर तरी तिनं केलेलं काहीतरी त्याच्या सोबत असतं.

आमच्या भागातल्या सगळ्या लहान धावपट्ट्यांचा रेडिओ एकाच लहरीवर चालतो. त्यामुळे कुणाचंच काही खासगी राहत नाही. त्या सकाळीही शेजारपाजारचे सगळे कान लावून बसले होते. त्यात ब्रेट नावाचा एक नवा गडी होता, नुकताच शहरातून आलेला आणि कंपनीचं तयार विमान उडवणारा. तो मध्येच बोलला, "तो सांधा मारला कुणी होता? असलं काम करणाऱ्याला जाब विचारायला पाहिजे."

गॉर्डीनं हातातला रेडिओ खाली केला. तो ब्रेट समोर असता तर मी त्याचा कान पिरगाळला असता.

"मी," व्हर्लिन म्हणाला. "सांधा माझा आहे. आर्डिस म्हणत होती, मला करू दे. मी ऐकलं नाही."

तो खोटं बोलतोय हे त्या खांबावर हसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गॉर्डीनं बटणावर ठेवलेला अंगठा काढून घेतला. शेवटी पलीकडच्या धावपट्टीवरून कुणा म्हातारीचा आवाज आला, "ऐकलं, व्हर्लिन. तुझा तर तुझा."

टाकी रिकामी होत आली तेव्हा व्हर्लिननं इंजिन बंद केलं आणि तो खाली आला. उजवं चाक अलगद टेकलं. डावा पंख त्यानं कितीतरी वेळ तोलून धरला. मग तो गवतात रुतला, विमान गर्रकन फिरलं आणि कापड टरकल्याचा आवाज आला. आग लागली नाही.

मी आग विझवायचं नळकांडं घेऊन आधीच धावपट्टीच्या कडेला गाडीत बसले होते, म्हणून पहिली पोचले. तो आपला आपण उतरला होता. कपाळावर रक्त होतं आणि तो तुटलेल्या पायाशी उकिडवा बसला होता.

"एप्रिलमध्येच दिसली होती भेग," तो म्हणाला. "केसाएवढी."

"मग दुरुस्त का नाही केलीस?"

"तिचा सांधा घासून काढावा लागला असता, लव्हॉन. ग्राइंडर हातात घेतला होता. चालूसुद्धा केला."

घरी बांधलेल्या विमानाची दरवर्षीची तपासणी बांधणाऱ्याला स्वतःच करता येते. दुसऱ्या कुणी ती भेग पाहिली असती, तर विमान तिथल्या तिथं जमिनीवर बसवलं असतं. यानं आपणच पाहिलं आणि आपणच ठीक म्हणून सही केली. मला संतापानं रडू आलं.

"मेला असतास," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला.

मागून बाकीचे पळत येत होते. व्हर्लिननं अंगातलं जाकीट काढलं, तुटलेल्या टोकाला गुंडाळलं आणि वरून बाह्यांची गाठ मारली. मी येणाऱ्यांच्या आणि त्या टोकाच्या मध्ये उभी राहिले. माझा देह रुंद आहे, कधीतरी कामाला येतो.

गॉर्डी धापा टाकत पोचला. त्यानं आधी व्हर्लिनचं कपाळ पाहिलं, मग जाकीट पाहिलं. आर्डिसचं काम तो लांबून ओळखतो. त्यानं जाकिटाला हात लावला नाही.

"सांधा तुझा ना?" त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"माझा."

"तरीच," गॉर्डी म्हणाला. "पुढच्या वेळी ती सांगेल तेव्हा ऐक."

"ऐकेन," व्हर्लिन म्हणाला आणि त्यानं बाह्यांची गाठ आणखी आवळली.