निवेदनातला शब्द

डिसेंबरातल्या त्या रविवारी रेल्वेच्या संपामुळे फ्रान्सभर गाड्या बंद होत्या, म्हणून मी पपांकडे चालत गेले. ते माझ्याआधीच बाहेर जाऊन आले होते. आमच्या ल्यों शहरातल्या पेराश स्थानकाबाहेर संपकऱ्यांची शेकोटी पेटली होती; तिथे त्यांनी पाव आणि वाइनची बाटली पोचवली होती. “गारठलीत बिचारी,” एवढंच म्हणाले.

जेवायला पपांचे जुने मित्र गास्पारकाका होते. दोघांनी उभा जन्म एकाच विद्यापीठात राजकीय विचारांचा इतिहास शिकवला आणि उभा जन्म वाद घातला. जेवण संपून चीज आलं तेव्हा काकांनी खिशातून एक निवेदन काढलं. संपाला पाठिंब्याचं, शहरातल्या प्राध्यापकांच्या सह्यांचं, वर्तमानपत्रात छापायचं. पपांनी चष्मा लावून वाचलं. शेवटच्या ओळीत होतं: उदारमतवादाविरुद्ध.

“एवढा शब्द खोड. लगेच सही करतो.”

“अरे, तो शब्द म्हणजेच निवेदन आहे. बाजार मोकाट आणि माणूस वाऱ्यावर, हाच त्याचा अर्थ आज. कुणालाही विचार.”

पपा दमल्यासारखे हसले. दोघं शाळेत असताना पाद्री सांगायचे, उदारमतवादी म्हणजे देव बुडवणारा. पुढे काका कम्युनिस्ट झाले, तेव्हा उदारमतवादी म्हणजे अमेरिकेचा हस्तक झाला. आता बाजाराचा दलाल.

“मी मात्र तेच म्हणतोय रे,” पपा म्हणाले. “सगळी सत्ता कुणा एकाच्या हाती नको. राजाच्या नको, पक्षाच्या नको, कारखानदाराच्याही नको.”

“मग दुसरा शब्द घे, म्हाताऱ्या. तुझा तो कोट आता भलताच माणूस घालून फिरतोय.”

“कोट माझा आहे.”

काका माझ्याकडे वळले. “सोलँज, तू याची पुस्तकं वाचून वाढलीस. तू सांग.”

पपांनीही माझ्याकडे पाहिलं. मी शिकवत होते त्या कॉलेजातल्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांच्या सह्या त्या कागदावर होत्या. मी चीजची थाळी पुढे सरकवली आणि कॉफी करायला उठले. मागे दोघांचा विषय गुडघेदुखीवर गेला.

मंगळवारी पपा जिन्यात कोसळले. ते पुन्हा उठले नाहीत.

अंत्यविधीला काका बोलले. थोर मानवतावादी, प्रजासत्ताकाचा निष्ठावंत, संपकऱ्यांना पाव नेणारा मित्र. तो एक शब्द त्यांनी टाळला. मायेनेच टाळला, निदान आज तरी कुणी नाक मुरडू नये म्हणून. समोरचे सहीवाले माना डोलावत होते. जिवंतपणी जो कोट पपांनी उतरवला नाही, तो आता त्यांच्या अंगावरून हळूच काढून घेतला जात होता.

काका खाली बसले. पुढे कुणी बोलणार नव्हतं. मी उठून शवपेटीपाशी गेले आणि लाकडावर हात ठेवला.

“गास्पारकाका, एक राहिलं. पपा उदारमतवादी होते.”

मग मी पेटीकडे वळले.

“आणि पपा, मीही आहे.”